शाब्ली आणि कारंजा : नावाची राखण

कारंजा लाड म्हटले की बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आठवते, काहींना तिथली जुनी जैन मंदिरे. शेतमालाच्या बाजाराचा इतिहास वाचणाऱ्याला मात्र १८८६ हे साल आठवते. त्या वर्षी हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे.

या बाजाराने नेमके कोणाचे रक्षण केले, हे समजून घ्यायला मला फ्रान्समधले शाब्ली उपयोगी पडते. पॅरिसच्या आग्नेयेस, सरँ नावाच्या लहान नदीकाठचे हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव. तिथे द्राक्ष एकच, शार्दोने. आणि वाईन एकच, पांढरी. जमीन चुनखडीची, तीत कोण्या एके काळच्या समुद्रातले बारीक कालवांचे शिंपले खच्चून भरलेले. बाराव्या शतकात पाँतिन्यीच्या मठातल्या साधूंनी इथल्या मळ्यांना वळण लावले. त्या वाईनच्या चवीविषयी मी काही सांगू शकत नाही. मला रस आहे तो तिच्या नावात.

आगगाडीने दोन्हीकडचे नशीब फिरवले, पण उलट दिशांनी. शाब्लीची पिंपे ओसेरच्या धक्क्यावरून नदीमार्गे पॅरिसला जात. दक्षिणेकडची स्वस्त वाईन रेल्वेने पॅरिसला पोचू लागली आणि हा धंदा बसला. पाठोपाठ फिलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड आली, मग दोन महायुद्धे. १९५० च्या दशकात मळे सुमारे पाचशे हेक्टरांवर आले होते. इकडे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांची रुई तोडली, वऱ्हाडात रेल्वे पोचली आणि कापसाला सोन्याचे दिवस आले.

सोन्याच्या दिवसांत भेसळही आली. वऱ्हाड-वर्ध्याकडची बारीक, लांब धाग्याची ‘बनी’ कपाशी मागे पडून जास्त उतारा देणारी जाडीभरडी जात पसरू लागली. रिव्हेट-कार्नाक या कापूस कमिशनरने १८६० च्या दशकात हिंगणघाटचे बियाणे शुद्ध राखण्याची धडपड केली, पण व्यापाराला वजन हवे होते. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा बहुतेक माल ‘उमरा’ या एकाच नावाने ओळखला जाई. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. कारंज्याची गाडी असो की दर्यापूरची, समुद्र ओलांडला की सगळी उमरा.

कारंज्याच्या बाजाराचा हेतूही त्या गिरण्यांना स्वच्छ माल वाजवी दरात मिळावा हाच होता. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही व्यवस्था प्रांतभर नेली. दलाल आणि मापाड्यांना परवाने आले, वजनांवर नजर आली. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या काळात ही सुधारणा लहान नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. पण बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी होते. कापूस पिकवणाऱ्याला तिथे जागा ठेवलेली नव्हती. ती चूक सुधारण्याचा खरा प्रयत्न मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यात दिसतो.

शाब्लीच्या नावाचीही लूट झालीच. कॅलिफोर्नियात कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाईनला ‘शाब्ली’ म्हणत; एका कंपनीने तर गुलाबी शाब्लीही विकली! पण फ्रान्समध्ये १९३८ साली कायद्याने ठरवले, की अमुक शिवारातल्या, अमुक द्राक्षाच्या वाईनलाच हे नाव लावता येईल. कायद्याने मळे लगेच वाढले नाहीत, मोडलेल्या गावाला धरून ठेवायला नाव तेवढे उरले. पुढे एप्रिलच्या दहिवरापासून कोंब वाचवण्याचे उपाय सापडले, गिऱ्हाईक परतले आणि आज मळे साडेपाच हजार हेक्टरांच्या वर आहेत. म्हणजे बाजाराचे नियम कारंज्यात अर्धशतक आधी आले, फक्त त्यांनी राखले ते खरेदीदाराचे माप. बियाणे आणि गावाचे नाव त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

आपल्याकडे भौगोलिक मानांकन आले ते या शतकात. नाशिक खोऱ्याच्या वाईनला ते मिळाले, विदर्भात भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीलाही. कारंज्याच्या बाजार समितीत आज कापसाचा ओलावा पाहतात, धाग्याची लांबी पाहतात. बियाण्याच्या पाकिटावर कंपनीचे नाव असते, आणि पावतीवर गावाचे नाव येते ते शेतकऱ्याच्या पत्त्यापुरते.