पित्त : एका नावाखालचे दोन रस

मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, त्या सहजतेमागे वैद्यकाच्या इतिहासातील एक जुनी सरमिसळ दडलेली आहे. उपाशी राहिल्याने पित्त होते, जागरणाने ते वाढते, अंगावर गांधी आल्या की पित्त उठते आणि राग अनावर झाला की पित्त खवळते. शिवाय सोनोग्राफीच्या अहवालात ज्या पिशवीतील खड्यांचा उल्लेख येतो, तिचेही नाव पित्ताशय. त्यामुळे घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याचे मूळ या पिशवीतच असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक छातीत जळजळ करणारा रस म्हणजे जठरात पाझरणारे आम्ल होय, तर पित्ताशयात साठून दाट होणारा हिरवट-पिवळा रस यकृतात तयार होतो, चवीला कडू असतो आणि त्याचे मुख्य काम स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करणे हे असते.

या सरमिसळीचा दोष बोलीभाषेला देता येत नाही, कारण तिची मुळे ग्रंथांतच आहेत. सुश्रुतसंहितेत पित्ताचे वर्णन करताना त्याचा रंग निळा-पिवळा आणि रस कटू, म्हणजे तिखट, सांगितला आहे आणि ते ‘विदग्ध’ झाले, म्हणजे अर्धवट पचून बिघडले, की आंबट होते असे म्हटले आहे; म्हणजेच आम्ल हा वेगळा रस नसून बिघडलेले पित्तच होय, अशी ही धारणा होती. शरीरातील आशयांच्या गणनेत याच ग्रंथात ‘पित्ताशय’ हा शब्दही येतो, पण तेथे तो दोषाचे स्थान या व्यापक अर्थाने आला आहे, आणि यकृताखालच्या पिशवीपुरता त्याचा अर्थ निश्चित झाला तो आधुनिक शारीरशास्त्राची परिभाषा घडताना. ‘पित्ताश्मरी’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. सुश्रुताच्या लेखी तो पित्तदोषाने होणारा मूत्राशयातील खडा होता, आणि आज तोच शब्द पित्ताशयातील खड्यांसाठी सर्रास योजला जातो.

आम्लपित्ताला स्वतंत्र रोगाचे स्थान चरक-सुश्रुतांनी दिलेले नाही. ते काश्यपसंहितेत आणि इसवी सनाच्या ७०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या माधवनिदानात आढळते. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्यामुळे उजेडात आलेली काश्यपसंहिता १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्यात हा विकार आनूप, म्हणजे दमट व पाणथळ, प्रदेशाशी जोडलेला आहे, ही गोष्ट कोकणच्या वाचकाला विशेष वाटावी. माधवनिदानाचा कर्ता माधवकर याने या रोगाचे ऊर्ध्वग आणि अधोग, म्हणजे वर येणारा आणि खाली जाणारा, असे दोन प्रकार केले, लक्षणांत कडू आणि आंबट ढेकरांची नोंद केली आणि ऊर्ध्वग प्रकारातील उलटीचे हिरवे, पिवळे असे रंगही सांगितले. आंबट ढेकर आम्लाची आणि कडू, हिरवी उलटी पित्तरसाची, असे आजचा वैद्य म्हणेल. माधवकराने दोन्ही एका नावाखाली घातली, पण पाहिले मात्र अचूक.

युरोपातही ग्रीक वैद्यकातून आलेल्या पिवळ्या पित्ताच्या कल्पनेचा पगडा शतकानुशतके होता. तो सैल करणारा निर्णायक पुरावा १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. विल्यम प्राऊट या वैद्याने प्राण्यांच्या जठरातील रसाचे पृथक्करण करून त्यातील आम्ल हे मिठापासून मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्लच आहे असे दाखविले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर बंदुकीच्या गोळीने अलेक्सिस सेंट मार्टिन या मजुराच्या पोटाला भोक पडले होते, आणि ते कायम उघडे राहिल्याने लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट याला जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची संधी मिळाली. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून तो आत सोडी आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाही. निरोगी जठरात पित्तरस क्वचितच सापडतो, पण तेलकट-तुपकट खाणे काही काळ चालू राहिले की तो दिसू लागतो, ही त्याची नोंद १८३३ च्या ग्रंथात आहे. या प्रयोगांना सेंट मार्टिनची संमती कितपत मनापासून होती, हा प्रश्न मात्र उरतोच.

पुढे शल्यचिकित्सेने पित्ताशयाला एकदम पुढे आणले. कार्ल लांगेनबुख याने १८८२ मध्ये बर्लिन येथे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लीड्सच्या बर्कली मॉयनिहानने अजीर्ण हे पित्ताशयातील खड्यांचे आरंभीचे लक्षण असू शकते असे आग्रहाने मांडले. आम्ल अन्ननलिकेत उलटे चढून तिला दाह करते, ही कल्पना १९३५ मध्ये ॲशर विंकेलस्टाइनच्या लेखानंतर रुजू लागली. तोवर जळजळीचा आरोप पित्ताशयावर ढकलणे सोयीचेच होते.

पित्ताशय आणि जळजळ या दोन्हींत खरा दुवा आहे, तो मात्र वेगळ्या जागी. शिकागोच्या आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक दाखवून दिले. चरबीयुक्त घास लहान आतड्यात पोहोचताच ते स्रवते आणि पित्ताशयाला आकुंचित करते. तेच संप्रेरक अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करते, असे पुढे आढळले. त्यामुळे तळकट जेवणानंतर उजव्या बरगडीखालची कळ आणि छातीतील जळजळ एकाच सुमारास उठू शकतात, तरी एक दुसरीचे कारण असेलच असे नाही.

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत प्रथम केली. पिशवी काढली तरी यकृत पित्तरस करीतच राहते, तो न साठता लहान आतड्यात ठिबकतो आणि काही रुग्णांत उलटा जठरातही शिरतो. जळजळ आम्लाची असेल, तर तिचे औषध शस्त्रक्रियेनंतरही चालूच ठेवावे लागते.