रेघेआडचा क्रम

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मूग आणि बुक्ला यांनी घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांत एका खणातील नाद दुसऱ्या खणात नेण्याकरिता वादकाला हाताने तारा खोवाव्या लागत, आणि अशा तारांनी सिद्ध झालेल्या जोडणीला ‘पॅच’ म्हणत. ट्रंक कॉल जोडून देणारी टेलिफोन-कचेरीतील बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ती तारांची जाळी सहज उभी राहील. पुढे संगणकाच्या पडद्यावर तारांच्या जागी रेघा आल्या, तरी नाव तेच राहिले. आणि दिसावयास इतक्या सोज्वळ असलेल्या या रेघांनी त्या ओढणाऱ्यांस वेळोवेळी चकविलेही.

पडद्यावरील या जोडणीचे मूळ शोधू गेल्यास न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते. तेथे मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्राकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली, आणि पुढील काही वर्षांत असा विचार रूढ केला की, स्वर निर्माण करणे, तो लहानमोठा करणे, दोन स्वर मिसळणे ही कामे स्वतंत्र एककांकडे सोपवावीत, व संगीतकाराने ती एकके हवी तशी जोडून आपले वाद्य आपणच रचावे. विचार थोर होता. परंतु ती जोडणी अक्षरांत आणि आकड्यांत लिहावी लागे, आणि नाद प्रत्यक्ष कानी पडेपर्यंत फार वेळ तिष्ठत बसावे लागे.

पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्राशेजारी, भूमिगत दालनांत, पिएर बुलेझ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘इर्काम’ या संस्थेत जुझेप्पे दि जून्यो यांनी ‘फोर-एक्स’ नावाचे यंत्र बांधले. वादक वाजवीत असतानाच त्याच्या नादावर संस्कार करण्याचे सामर्थ्य त्यात होते. तथापि त्याला हुकूम देण्याची रीत इतकी दुर्घट होती की, तंत्रज्ञ शेजारी बसल्यावाचून संगीतकाराचे पान हलत नसे. अमेरिकेतून तेथे आलेले, मुळात गणिताचे अभ्यासक असलेले मिलर पकेट यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर चौकोन काढून ते रेघांनी जोडण्याची तजवीज केली, आणि फिलिप मनूरी यांच्या ‘प्लूतों’ या पियानोसाठी रचलेल्या १९८८ सालच्या कृतीत मॅकिंटॉशने कारभार पाहावा व फोर-एक्सने नाद घडवावा, अशी वाटणी झाली. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ या साधनाचे नाव ‘मॅक्स’ ठेवण्यात आले.

यंत्रे मात्र अल्पायुषी निघाली. फोर-एक्स मागे पडले. त्यानंतर नेक्स्ट संगणकाच्या आधारे उभारलेली व्यवस्थाही, १९९३ साली त्या कंपनीने यंत्रनिर्मितीच थांबविल्यामुळे, निराधार झाली. मॅक्सचे हक्क संस्थेकडे, व तिच्याकडून परवाना घेतलेल्या व्यापारी कंपनीकडे होते. सॅन दिएगोच्या विद्यापीठात गेलेल्या पकेट यांनी १९९६ च्या सुमारास तीच कल्पना पहिल्यापासून नव्याने लिहून काढली, तिला ‘प्युअर डेटा’, संक्षेपाने ‘पीडी’, हे नाव दिले, आणि तिची सनद अशी केली की, मूळ कर्त्याची नोंद कायम ठेवून कोणीही ती आज्ञावली वाचावी, दुरुस्त करावी व इतरांस वाटावी.

पीडीत रेघांच्या दोन जाती आहेत. एक पाटाच्या पाण्यासारखी: तीतून नादाचे नमुने, सेकंदाला ४४,१०० या मानाने, ६४-६४ च्या तुकड्यांनी अखंड वाहतात, आणि या तुकड्या वेळेवर सिद्ध झाल्या नाहीत की तडतड ऐकू येते. दुसरी सांडणीस्वारासारखी: हुकूम मिळाला की धावणारी, एरवी निश्चल. पहिलीचा दोष निदान कानाला तरी कळतो. दुसरीचा मूक असतो.

समजा, एखाद्या संख्येचा वर्ग करावयाचा आहे. वर संख्येचा चौकोन, खाली गुणाकाराचा. गुणाकाराला दोन दारे, आणि संख्येपासून दोन्ही दारांस एकेक रेघ ओढली. नियम असा की, उजव्या दारी आलेली संख्या नुसती जपून ठेवावयाची, आणि डाव्या दारी संख्या आली की तत्क्षणी गुणाकार करून उत्तर पुढे धाडावयाचे. ३ दिल्यावर ९ यावेत, तो येते शून्य. मग ४ दिल्यावर १६ यावेत, तर येतात १२. कारण एवढेच की, डाव्या दाराची रेघ आधी ओढलेली होती, म्हणून हुकूम आधी तिकडे पोहोचला, आणि त्या वेळी उजव्या दारी मागचीच संख्या बसून होती. एकाच मुखातून निघणाऱ्या रेघांचा अंमल त्या ज्या क्रमाने ओढल्या गेल्या त्या क्रमाने होतो, आणि हा क्रम चित्रात कोठेही उमटत नाही. डावीकडची रेघ पुसून पुन्हा ओढली, की ती रांगेत शेवटी जाते. चित्र तसूभरही बदलत नाही, उत्तर मात्र बरोबर येऊ लागते.

असे दैवाधीन उत्तर अनुभवी मनुष्य पत्करीत नाही. तो मध्ये ‘ट्रिगर’ नावाचा चौकोन घालतो, ज्याची मुखे नेहमी उजवीकडून डावीकडे बोलतात. म्हणजे आधी उजव्या दारी संख्या ठेवली जाते आणि मगच डाव्या दारी गुणाकाराचा हुकूम पोहोचतो. रेघ आधी कोणती ओढली, हे लक्षात ठेवण्याचे ओझे त्यामुळे माणसाच्या स्मरणावरून उतरते, आणि क्रम चित्रातच डोळ्यांना दिसू लागतो.

परंतु दुसऱ्याने केलेल्या, ट्रिगर नसलेल्या पॅचमधील दोष हुडकावयाचा तर चित्र सोडून दप्तराकडे वळावे लागते. पीडीची फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते, म्हणून ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. तीत प्रत्येक चौकोनाला शून्यापासून अनुक्रमांक असतो, आणि प्रत्येक रेघेसाठी एक ओळ असते: कोणत्या चौकोनाच्या कितव्या मुखातून निघून कोणत्या चौकोनाच्या कितव्या दारी जावयाचे. फोर-एक्सचे युग सरल्यानंतरही ‘प्लूतों’ची पीडीतील खुली प्रत पकेट यांना सिद्ध करता आली, आणि नवशिक्याला आपल्या वर्गाच्या पॅचमध्ये ‘० ० १ ०’ ही ओळ ‘० ० १ १’ या ओळीच्या वर लिहिलेली आढळली, की त्याच्या बाराचा चोर त्याला सापडतो.