आजीव सदस्यत्व आणि संस्थात्याग : डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा प्रारंभकाळ

कर्मचाऱ्याची संस्थेशी बांधिलकी जितकी दृढ, तितके संस्था सोडून जाण्याचे प्रमाण कमी, असे व्यवस्थापनशास्त्रात सामान्यतः गृहीत धरले जाते. मेयर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये या बांधिलकीचे भावनिक, हिशेबी आणि कर्तव्याधिष्ठित असे तीन प्रकार मांडले. यांपैकी तिसऱ्या प्रकाराच्या बळावर एक अख्खी शिक्षणसंस्था उभारण्याचा प्रयोग पुण्यात त्यापूर्वी शतकभर आधीच झाला होता. त्याचा अनुभव मात्र या गृहीतकास सरळ पुष्टी देत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढील वर्षी आगरकर येऊन मिळाले. १८८४ मध्ये सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीचे दार खुले होते. ते नाकारून आलेल्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेचे बंधन स्वीकारले. सदस्यांचे मासिक वेतन पुढे ७५ रुपयांच्या घरात होते. आर्थिक हिशेबाने कोणी टिकेल, अशी ही व्यवस्था नव्हतीच.

तरीही १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. कारण वेतन अपुरे होते हे नव्हे. सदस्यांनी सर्व वेळ संस्थेसच द्यावा, बाहेरील व्यवसाय व प्राप्ती यांत गुंतू नये, हा मूळ संकल्प शिथिल होत आहे, हा त्यांचा आक्षेप होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर हा वाद विकोपास गेला. (टिळक स्वतः 'केसरी'च्या कामात गुंतलेले होते, हे सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. सामाजिक सुधारणेविषयीचा मतभेदही या वादामागे होताच.) म्हणजे येथे संस्थात्याग घडला तो बांधिलकीच्या अभावाने नव्हे, तर बांधिलकीचा अर्थ काय याविषयीच्या मतभेदाने. संस्थेच्या तत्त्वाशी निष्ठा आणि प्रत्यक्ष संस्थेशी निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजच्या प्रश्नावल्यांमध्ये हा भेद सहसा पुसला जातो.

उलट, ज्यांच्या बाह्य कार्यावर आक्षेप होता ते गोखले १९०२ पर्यंत अध्यापन करीत राहिले. आगरकर 'सुधारक' चालवीत असतानाच १८९२ मध्ये प्राचार्य झाले व १८९५ मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर होते. टिळकांच्या जाण्याने गणिताच्या अध्यापनात पडलेली पोकळी भरून काढण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांना पाचारण करण्यात आले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले; त्यासाठी सुट्ट्यांमध्ये वर्गणी गोळा करीत ते फिरत असत. फर्ग्युसनमधील त्यांचे अध्यापन १९१४ पर्यंत चालू होते.