४४ खणांचा तक्ता कुणी आखला?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून बरेचजण ध्वनितक्ता भिंतीवर लावतात. त्यात ४४ खण असतात: १२ साधे स्वर, ८ संयुक्त स्वर, २४ व्यंजनं. दिसायला अगदी आवर्तसारणी! म्हणून आपण तो निसर्गनियमासारखा पाठ करतो. पण हा तक्ता माणसांनी आखलाय, आणि कसा आखला हे कळलं की तो वापरणं सोपं जातं.

१८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची एक संघटना निघाली. आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना ती हीच. स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही, ही त्यांची अडचण. उपाय असा की प्रत्येक अर्थभेदक ध्वनीला स्वतःचं चिन्ह द्यायचं.

पासींकडे शिकलेले डॅनियल जोन्स मूळचे केंब्रिजचे गणित पदवीधर. १९१७ मध्ये त्यांचा इंग्रजी उच्चारकोश आला. आता संशोधकाचा पहिला प्रश्न: नमुना कुणाचा? जोन्सनी तो लपवला नाही. दक्षिण इंग्लंडमधली अशी कुटुंबं, ज्यांतले पुरुष बड्या निवासी शाळांत शिकलेले. म्हणजे एक प्रदेश, एक वर्ग. स्कॉटलंडमध्ये इंग्रजी ‘पुल’ (ओढणे) आणि ‘पूल’ (तलाव) सहसा सारखेच उच्चारतात. तिथल्या बोलीवरून तक्ता आखला असता, तर हे दोन खण एकच झाले असते.

चिन्हंही बदलली. जोन्सच्या कोशात ‘शिप’ आणि ‘शीप’ यांच्या स्वरांना एकच अक्षर होतं, फक्त दुसऱ्यापुढे दीर्घत्वाची खूण. आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखंच. ए. सी. गिमसन यांनी १९७७ च्या आवृत्तीत दोघांना वेगळी अक्षरं दिली, कारण फरक नुसता लांबीचा नाही, जिभेच्या जागेचाही आहे. आपण ‘शीप’ म्हणताना फक्त ‘ई’ ताणतो, ते इथे अपुरं पडतं.

आज वर्गात दिसणारी मांडणी बहुधा एड्रियन अंडरहिल यांची असते. १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात ती सविस्तर समजावली आहे. स्वरांत डावीकडून उजवीकडे जीभ पुढून मागे जाते, वरून खाली जबडा उघडत जातो. व्यंजनांची पहिली ओळ ओठांपासून घशाकडे: प, ब पासून क, ग पर्यंत. आपली वर्णमाला ‘क’ वर्गापासून ‘प’ वर्गाकडे, म्हणजे नेमकी उलट येते. तत्त्व तेच, त्यामुळे मराठी माणसाला हा तक्ता परका वाटायचं कारण नाही.

मग वापरायचा कसा? ४४ खण घोकू नका. जिथे दोन खण एक झाले की शब्दच बदलतो, तिथे आधी लक्ष द्या. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी. पहिल्यात दोन्ही ओठ गोल, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. मराठीतही ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षर एकच, ध्वनी दोन, आणि आपण ते सहज वेगळे ठेवतो. म्हणजे कान तयार आहे.

बाकी, सेमिनारमध्ये प्रश्न मनात असूनही उच्चाराच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तक्ता एका नमुन्याचं वर्णन आहे, तुमच्या बुद्धीची मोजपट्टी नाही. प्रश्न विचारा.