कोणतं टर्नटेबल खरंच ‘आयकॉनिक’? टेक्निक्सपासून चावीच्या फोनोपर्यंत

जुन्या रेकॉर्ड प्लेअरची कोणतीही जागतिक यादी पाहिली, तर टेक्निक्स, गॅरार्ड, थोरेन्स, लिन ही नावं त्यात ठरलेली असतात. भोकरदन किंवा अंबडमधल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर मात्र यांपैकी एखादं यंत्र सापडण्याची शक्यता कमीच. तिथे निघालाच, तर चावीचा फोनो निघतो किंवा एचएमव्हीचा सुटकेससारखा प्लेअर. त्याचं नाव यादीत नसतं, त्यामुळे त्याला किंमत नाही असं समजून तो भंगारात दिला जातो. भंगार वितळवून सळया बनवणाऱ्या जालन्यासारख्या शहरात लोखंडाला वजनाचा भाव लगेच मिळतो. त्यामुळे ‘आयकॉनिक’ कशाला म्हणायचं, हा केवळ हौशी लोकांचा वाद उरत नाही. काय जपायचं आणि काय मोडीत काढायचं, हे त्यावरून ठरतं.

कसोटी कोणती लावायची?

महाग किंवा दुर्मिळ म्हणजे आयकॉनिक नव्हे. तीन प्रश्न विचारता येतात. या यंत्रानंतर इतरांनी यंत्रं बनवण्याची पद्धत बदलली का? लोकांची संगीत ऐकण्याची किंवा वाजवण्याची सवय बदलली का? आणि बाजारातून गेल्यावरही लोकांना ते आठवतं का?

जागतिक यादीतले दावेदार

गॅरार्ड ३०१ : इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यात १९५४ मध्ये तयार झालेलं हे यंत्र. यात मोटर रबरी चाकाच्या मदतीने थाळी फिरवते. बांधणी इतकी दणकट की अनेक यंत्रं आजही चालू आहेत. १९५७ चं स्वित्झर्लंडचं थोरेन्स टीडी १२४ हे त्याचं तोडीचं नाव.

एआर एक्सए : १९६१ चं अमेरिकी यंत्र. थाळी आणि सुईचा दांडा मुख्य पेटीपासून स्प्रिंगांवर वेगळे टांगलेले आणि थाळी पट्ट्यावर फिरणारी. त्यामुळे मोटरची थरथर आणि जमिनीचे हादरे सुईपर्यंत कमी पोहोचत. याच वाटेवर पुढे स्कॉटलंडमध्ये लिन सोंडेक एलपी१२ आलं. चांगल्या आवाजासाठी स्पीकरइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, टर्नटेबल महत्त्वाचं असतं, हा विचार त्याने रुजवला.

ब्राउन एसके ४ : १९५६ चं हे जर्मन यंत्र दिसण्यासाठी प्रसिद्ध आहे. पारदर्शक झाकणामुळे त्याला ‘स्नो व्हाइटची शवपेटी’ असं टोपणनाव मिळालं. रेकॉर्ड प्लेअर म्हणजे लाकडी फर्निचर, ही कल्पना त्याने मोडली.

टेक्निक्स एसएल-१२०० : जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये एसपी-१० हे मोटरवरच थेट थाळी बसवलेलं, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्हचं टर्नटेबल आणलं. त्याच तंत्रावर १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं. ते घरात गाणी ऐकण्यासाठी होतं, पण क्लबमधल्या डीजेंनी ते उचललं. थाळी झटक्यात वेग घेते आणि हाताने मागे-पुढे फिरवली तरी मोटरला धक्का लागत नाही. १९७९ च्या एमके२ मध्ये वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली आणि दोन गाण्यांचे ताल जुळवणं सोपं झालं. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, पण मागणीमुळे २०१६ मध्ये ते परत आलं.

महाराष्ट्रातल्या मिरवणुकांमधल्या ‘डीजे’ या शब्दाचं मूळही या डिस्क जॉकी परंपरेत आहे. फरक इतकाच की, इथल्या डीजेच्या भिंतीत तबकडी आणि टर्नटेबल दोन्ही नसतात.

चावीचा फोनो यादीत का हवा?

सरकारी आकडेवारीनुसार १९४७ मध्ये भारतात वीज पोहोचलेली गावं सुमारे १,५०० होती. तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या जालना परिसरातल्या बहुतेक खेड्यांत विजेवरचा प्लेअर निरुपयोगीच होता. चावीच्या फोनोला वीज लागत नसे. चावी भरली की स्प्रिंगवर थाळी मिनिटाला ७८ फेरे घेई. लाखेपासून बनवलेल्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटं वाजे. नाटक मंडळी गावात आली नाही, तरी नाट्यपद गावात पोहोचायचं ते असं.

या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं यंत्र म्हणजे १९३१ मध्ये आलेलं एचएमव्ही १०२. पेटी हातात धरून नेता येई आणि कर्णा पेटीच्या आतच घडी घातल्यासारखा बसवलेला असे.

या यंत्रांनी भारतातला रेकॉर्डचा बाजारही वेगळ्या वळणावर ठेवला. पाश्चात्त्य देशांत ७८ च्या तबकड्या मागे पडल्यानंतरही भारतात त्या निघत राहिल्या. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर छापली गेली. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरने हीच जागा घेतली.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, ग्रामोफोन हे टर्नटेबलच नव्हे. टर्नटेबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरला जोडायचा स्वतंत्र भाग. आवाजाच्या दर्जाची तुलना करायची असेल, तर हा आक्षेप योग्य आहे. पण ब्राउन एसके ४ मध्येही रेडिओ आणि स्पीकर आतच होते. त्याला यादीत जागा मिळत असेल, तर चावीच्या फोनोला नाकारण्याचं कारण उरत नाही.

मग निकाल काय?

तिन्ही कसोट्यांवर जगभरात एसएल-१२०० सर्वांत पुढे आहे. एआर एक्सए पहिल्या कसोटीवर भक्कम ठरतं. गॅरार्ड ३०१ उत्तम यंत्र आहे, पण त्याचा प्रभाव मुख्यतः जाणकारांपुरता राहिला. मराठवाड्यापुरतं बोलायचं, तर दुसऱ्या कसोटीवर चावीच्या फोनोला तोड नाही. इथे अनेक घरांनी रेकॉर्ड म्हणून पहिल्यांदा जे ऐकलं, ते त्याच्यावरच.

घरात जुना फोनो असेल तर

• बाजारात ‘जुने’ म्हणून विकले जाणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन अनेकदा नव्याने जोडलेले असतात. त्यांतली मोटर बऱ्याचदा खऱ्या जुन्या पेटीच्या फोनोमधून काढलेली असते. म्हणजे नकली वस्तूसाठी अस्सल वस्तू मोडली जाते. विकण्याआधी हे लक्षात ठेवावं.

• चावीच्या फोनोवर एलपी कधीही लावू नये. त्याच्या पोलादी सुईचा भार एलपीच्या बारीक खाचा खरवडून टाकतो.

• पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. झिजलेली सुई तबकडी खराब करते.

• ७८ ची तबकडी आधुनिक टर्नटेबलवर वाजवायची असेल, तर ७८ चा वेग आणि जाड टोकाची वेगळी सुई, दोन्ही लागतात.

• लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत; लाख त्यात विरघळते. त्या उभ्या ठेवाव्यात आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात.