लज्जतीचें तत्त्वज्ञान

'लज्जत' हा शब्द आज आपल्या घरांत बहुधा लोणच्यापापडापुरताच उरला आहे. मुळांत हा अरबी तत्त्वचिंतकांचा पारिभाषिक शब्द. 'सुख' या अर्थानें त्यांनीं तो योजिला आणि सुखाचें स्वरूप काय, यावर शतकानुशतकें वाद केला. मध्ययुगीन इस्लाम म्हटला कीं विरक्त फकीर आणि विलासी सुलतान अशीं दोनच चित्रें आपल्यापुढें उभीं राहतात. त्यांच्या मधली ही विचारपरंपरा मात्र सुशिक्षितांसही फारशी परिचित नाहीं.

इराणांतील रय नगरीचा वैद्य अबू बक्र राझी (मृत्यु सुमारें इ. स. ९२५) याचें मत असें कीं, सुख ही स्वतंत्र वस्तु नव्हे. प्रकृति बिघडणें हें दुःख, आणि ती पूर्वपदावर येत असतां होणारा अनुभव तें सुख. समशीतोष्ण घरांत बसलेल्या मनुष्यास कांहींच विशेष वाटत नाहीं. तो उन्हांत जाऊन तापतो, परत येऊन सुखावतो. आणि अंग पूर्ववत् होतांच तें सुखही संपतें. हा विचार मूळ प्लेटोचा; परंतु भर्तृहरीचें वैराग्यशतक वाचलेल्यांस तो ओळखीचा वाटेल. क्षुधातृषेच्या उपचारालाच लोक सुख समजतात, असें तोही सांगतो. राझी हा रय व बगदाद येथील रुग्णालयांचा प्रमुख होता. रोगी बरे होतांना पाहणाऱ्यास ही व्याख्या पटावी यांत नवल नाहीं.

परंतु सुंदर मुख पाहून जें सुख होतें, त्याच्या आधीं कोणतें दुःख होतें? कुरूपांच्या सहवासाचा शीण, असें राझीचें उत्तर. तें ओढूनताणून आणलेलें आहे. अकराव्या शतकांतील फारसी कवि नासिर खुस्रव यानें तें खोडूनही काढलें. इब्न सीना (९८०–१०३७) यानें तर व्याख्याच बदलली. जें आपणांस पूर्णत्व देतें त्याची प्राप्ति, आणि त्या प्राप्तीची जाणीव, म्हणजे सुख. बुद्धिबळांत रंगलेला मनुष्य विजयाच्या ओढीनें पुढें आलेलें ताट बाजूस सारतो. येथें व्याधि कोठें आहे? इब्न सीनाच्या तत्त्वज्ञानावर कडाडून हल्ला करणारा गझाली (मृत्यु ११११) देखील 'किमिया-ए-सआदत' या ग्रंथांत याच वाटेनें जातो : डोळ्याचें सुख सुंदर रूपांत, कानाचें सुस्वरांत, आणि हृदयाचें ईश्वराच्या ज्ञानांत.

या वादाची कसोटी पाहण्यास आपणांस फार दूर जावयास नको. कळंब ज्या धाराशिव जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत दक्षिणेस नळदुर्ग आहे. तेथें बोरी नदीवरील बांधाच्या पोटांत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८०–१६२७), इ. स. १६१३ मध्यें पाणीमहाल बांधला गेला. नदी भरली कीं नर व मादी हे धबधबे कोसळतात, आणि आंतला महाल कोरडाच राहतो. याच सुलतानानें दखनी भाषेंत रागवार गीतें रचून त्या संग्रहास 'किताब-ए-नौरस' असें नवरसांवरून नांव दिलें, आणि त्यांत सरस्वतीस व गणपतीस वंदन केलें. किल्ल्याची तहान भागविण्यास नुसता बांध पुरेसा होता. राझीचें सुख तेथेंच संपतें. तहान नसतांना पडत्या पाण्याकडे पाहत बसण्यासाठीं केलेल्या त्या दालनाचें समर्थन इब्न सीनाच करूं शकेल.

राझीचा इशारा व्यर्थ नाहीं. सवयीचें झालेलें सुख मरतें, हा आपला रोजचा अनुभव आहे. तथापि सुख म्हणजे केवळ दुःखाची फेड असेल, तर संगीत व काव्य हीं पोट भरल्यावरची चैन ठरतात, आणि मुलांच्या शिक्षणांत त्यांस शेवटचें स्थान देणारे गृहस्थ शहाणे ठरतात. सुख ही पूर्णत्वाची जाणीव असेल, तर मात्र तीं शिक्षणाचा गाभाच होत. आपल्या घरांत आपण यांपैकीं कोणती व्याख्या नकळत पत्करली आहे, हें ज्यानें त्यानें तपासून पाहावें.