दिल्ली–मुंबई मोटार स्पर्धा (1904) आणि इंडियानापोलिस : एक तुलनात्मक विचार

मोटार शर्यतींच्या इतिहासात अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. ही शर्यत प्रथम 30 मे 1911 रोजी झाली. तथापि तिच्या सुमारे सहा वर्षे आधी, 1904 च्या अखेरीस, ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटार स्पर्धा भरविली होती. आरंभ आधी होऊनही भारतात इंडियानापोलिससारखी परंपरा का निर्माण झाली नाही, याचा विचार येथे केला आहे.

दोन्ही स्पर्धांचे हेतू भिन्न होते. दिल्ली–मुंबई स्पर्धा वेगाची नव्हे, तर वाहनाच्या भरवशाची कसोटी होती. परदेशी बनावटीची मोटार हिंदुस्थानातील लांबच्या रस्त्यांवर टिकते किंवा नाही, हा तिच्यापुढील प्रश्न होता. इंडियानापोलिसची धावपट्टी मात्र स्थानिक उद्योजकांच्या गरजेतून जन्मास आली. कार्ल फिशर, जेम्स अ‍ॅलिसन, आर्थर न्यूबी व फ्रँक व्हीलर हे तिचे चारही संस्थापक मोटारी किंवा त्यांचे सुटे भाग यांच्या व्यवसायातील होते. नव्या गाड्यांची चाचणी घेण्यास त्यांना बंदिस्त जागा हवी होती. ऑगस्ट 1909 मध्ये खडी-डांबराच्या पृष्ठभागावर झालेल्या अपघातांत चालक, यांत्रिक व प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तरीही धावपट्टी बंद न करता त्याच वर्षी तीवर सुमारे 32 लाख विटा बसविण्यात आल्या. 1911 मध्ये रे हॅरून याने ताशी सुमारे 120 किलोमीटरच्या सरासरी वेगाने विजय मिळविला. त्याची मार्मन गाडी त्याच शहरात तयार झालेली होती. त्या विजयाचा लाभ शहरातील कारखान्यास झाला.

हिंदुस्थानात हा दुवाच नव्हता. मोटारी आयात होत. त्यांचे मालक प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, संस्थानिक व धनिक व्यापारी होते. स्पर्धेतून दिसलेले दोष सुधारणारा कारखाना येथे नव्हता. वालचंद हिराचंद यांनी मोटार कारखान्यासाठी केलेल्या प्रयत्नांना वसाहतकालीन सरकारचे पाठबळ लाभले नाही. त्यांची ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी 1944 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून पहिले वाहन 1947 मध्ये बाहेर पडले. तोपर्यंत दिल्ली–मुंबई स्पर्धेला चार दशके लोटली होती.

यावरून असे म्हणता येते की, शर्यतीची परंपरा केवळ हौस व साधनसंपत्ती यांवर उभी राहत नाही. तिच्यामागे उत्पादक उद्योग असावा लागतो. 1904 च्या स्पर्धेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. वसाहतीतील समाज यंत्राचा ग्राहक झाला, परंतु निर्माता होण्यास त्याला प्रदीर्घ काळ थांबावे लागले, या वास्तवाचा ती एक बोलका पुरावा ठरते.